या जहाजांवर भुतं नाहीत

मॅलोज बेमध्ये एकही भूत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या जागेबद्दल इंटरनेटवर काहीही शोधलंत तरी पहिला शब्द तोच येईल. घोस्ट फ्लीट. भुतांचा ताफा. बातम्यांत तोच शब्द, कयाक सहलींच्या जाहिरातींत तोच, आणि ज्या खेळामुळे मी तिथे पोचलो त्या खेळातल्या लोकांच्या तोंडीही तोच. मला त्या शब्दाचा राग येतो. का येतो ते सांगायला थोडी वाट वाकडी करावी लागेल.

आधी जागा. वॉशिंग्टन शहरापासून पोटोमॅक नदीच्या प्रवाहाबरोबर तीस-चाळीस मैल खाली आलं की मेरिलँडच्या बाजूला, चार्ल्स काउंटीत, नदीच्या काठाला एक उथळ खाच पडली आहे. ती मॅलोज बे. समुद्राची भरती-ओहोटी इथपर्यंत येते. भरतीला काही विशेष दिसत नाही. पाण्यातून मध्येच उगवलेली काही झुडपं आणि एक गंजलेली मोठी लोखंडी बोट, इतकंच. ओहोटीला मात्र लाकडी जहाजांच्या बरगड्या वर यायला लागतात. एक, दोन, दहा, वीस. जवळपास तीनशे फूट लांबीची जहाजं, एकमेकांना चिकटून, काही एकमेकांवर रेललेली. आसपासच्या पाण्यात सगळ्या काळातली मिळून शंभराहून जास्त जहाजं आणि होड्या आहेत. काहींच्या पोटात इतका गाळ साचलाय की त्यात झाडं वाढली आहेत. वरून पाहिलं तर जहाजाच्या आकाराच्या कुंड्या वाटतात. वर ऑस्प्रेंची घरटी, खाली मासे. २०१९ साली हा सगळा भाग राष्ट्रीय सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. चेसापीक उपसागराच्या सगळ्या खोऱ्यात असं हे पहिलंच.

आता खेळ. जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतं. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या चोपडीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवून परत यायचं. घरी येऊन साइटवर नोंद केली की नकाशावर त्या जागी एक पिवळा हसरा चेहरा उमटतो. मे २०००मध्ये अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली अचूकतेची खोट काढून टाकली, आणि एक-दोन दिवसांतच डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगनमध्ये झाडीत एक काळी बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. त्या बादलीत इतर किडुकमिडुकाबरोबर बीन्सचा एक डबाही होता. तिथून हा खेळ जगभर गेला. होडीशिवाय पोचताच येत नाही अशा डब्यांना वाटेच्या अवघडपणासाठी पाचपैकी पाच गुण मिळतात. असे पाचवाले डबे ज्याच्या खात्यावर जास्त, त्याची कॉलर ताठ.

माझीही होती. व्हर्जिनियात नोकरीला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी नैराश्याच्या जरा जास्तच जवळ गेलो होतो. एका सहकाऱ्याच्या नादाने या खेळात पडलो आणि शनिवार-रविवार घराबाहेर काढायला कारण मिळालं. पुढे जुनी कयाक विकत घेतली. म्हणजे मी जे पुढे लिहिणार आहे ते खेळाचा तिरस्कार करणाऱ्या माणसाने लिहिलेलं नाही. या खेळाने माझं भलं केलंय.

तर मॅलोज बेमधली माझी पहिली नोंद. डबा कुणाचा आणि नेमका कुठे होता ते सांगत नाही. आता तो तिथे नाहीच. पानावर चार ओळींचा इतिहास होता. पहिलं महायुद्ध, शूर जहाजं, नदीच्या तळाशी चिरनिद्रा, रात्री येऊ नका, अशा थाटाचा. मी तो गाडीतच वाचला होता, सिग्नलला. कयाक पाण्यात टाकली, जीपीएसवरचा बाण धरून वल्हवत गेलो, एका सांगाड्यावर उगवलेल्या झुडपाच्या बुंध्याशी दोरीने बांधलेला डबा दिसला. नाव लिहिलं. अकरा मिनिटं लागली, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. परत फिरताना कयाकचा तळ कशावर तरी घासला आणि अडकला. ओहोटी चालू होती. मी वल्हं बाजूच्या लाकडावर टेकवून जोरात रेटा दिला. कयाक सुटली. त्याबरोबर हाताएवढा एक काळा ढलपा त्या लाकडापासून सुटला आणि पाण्यात गेला.

मी त्याकडे बघितलंही, आणि "चला, सुटलो" म्हणालो. शंभर वर्षं पाणी, आग, बर्फ आणि भंगारवाले यांना पुरून उरलेलं लाकूड मी एका पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यासाठी मोडलं होतं. ते कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. कळलं तेही योगायोगाने. या जागेचा सगळ्यात चिकाटीने अभ्यास केलेले डोनाल्ड शोमेट यांचं १९९६चं पुस्तक ग्रंथालयात हाती लागलं, आणि ते वाचताना लक्षात आलं की पानावरच्या त्या चार ओळींत जवळजवळ काहीच खरं नव्हतं.

ही जहाजं युद्धात बुडालेली नाहीत. ती युद्धाला गेलीच नाहीत.

अमेरिका एप्रिल १९१७मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या तेव्हा मालवाहू जहाजं अशा झपाट्याने बुडवत होत्या की बांधणीचा वेग बुडण्याच्या वेगाला पुरा पडत नव्हता. युरोपात सैन्य आणि रसद पोचवायची कशी? पोलादाचे कारखाने आणि पोलादी जहाजांच्या गोद्या आधीच कामाने गच्च. मग उपाय निघाला: लाकूड. देशात जंगलं भरपूर आहेत, घरं बांधणारे सुतारही जहाज बांधायला लावता येतील. एक हजार लाकडी वाफेची जहाजं, अठरा महिन्यांत. त्यासाठी इमर्जन्सी फ्लीट कॉर्पोरेशन नावाची सरकारी कंपनी त्याच महिन्यात उभी राहिली.

हे वाचताना माझ्यातला इंजिनिअर खुर्चीत सावरून बसला. एक हजार आणि अठरा, हे दोन गोल आकडे कुठल्या अंदाजपत्रकातून आलेले नसतात. ते वरून आलेले असतात. ज्यांनी एकदा तरी सॉफ्टवेअर प्रकल्पात काम केलंय त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील.

आणि हे कुणाला दिसत नव्हतं असंही नाही. कंपनीचे जनरल मॅनेजर होते जॉर्ज गोथल्स, पनामा कालवा पूर्ण करणारे लष्करी इंजिनिअर. त्यांना पोलादी जहाजं हवी होती. शिपिंग बोर्डाचे अध्यक्ष विल्यम डेन्मन, व्यवसायाने वकील, लाकडाच्या बाजूचे. गोथल्स पोलाद उद्योगाच्या एका मेजवानीत बोलून गेले की ज्या झाडांची ही जहाजं व्हायची आहेत त्या झाडांवर अजून पक्ष्यांची घरटी आहेत. दोघांचं भांडण वर्तमानपत्रांत गेलं, आणि अध्यक्ष विल्सन यांनी १९१७च्या जुलैमध्ये तिढा असा सोडवला की दोघंही बाहेर. योजना मात्र राहिली! माणसं काढून टाकायची आणि वेळापत्रक तसंच ठेवायचं, ही युक्ती इतकी जुनी असेल अशी मला कल्पना नव्हती.

पुढे जे व्हायचं तेच झालं. लाकूड नीट वाळवायला वेळ नव्हता, म्हणून ओलं वापरलं. ते आक्रसलं, सांधे गळायला लागले. सांगाडे तयार, पण इंजिनं आणि बॉयलर वेळेवर येईनात. ११ नोव्हेंबर १९१८ला शस्त्रसंधी झाली तोपर्यंत या ताफ्यातल्या एकाही जहाजाने अटलांटिक ओलांडून युद्धसामग्री पोचवलेली नव्हती. आणि त्यानंतर? बांधणी त्या दिवशी थांबली नाही. करार झालेले होते, गोद्या उभ्या राहिल्या होत्या, गावोगाव त्यावर रोजगार चालू होता. १९१९ सालातही युद्धासाठीची जहाजं पाण्यात उतरत होती. युद्ध नव्हतं, पण जहाजं उतरत होती.

माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यात, मी चौदा महिने एका अशा मॉड्यूलवर काम केलं होतं जे कधीच ग्राहकापर्यंत गेलं नाही. सहाव्या महिन्यातच सगळ्यांना कळलं होतं की ग्राहकाला ते नकोय. तरी दर पंधरवड्याला आम्ही डेमो देत होतो, टाळ्या वाजत होत्या. बंद कुणी करायचं, हा प्रश्न होता. बंद करणाऱ्याला "चुकलं" म्हणावं लागलं असतं. चालू ठेवणाऱ्याला काहीच म्हणावं लागत नव्हतं. कुणी वाईट नव्हतं तिथे. म्हणूनच मला मॅलोज बेचा इतिहास युद्धकथेपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

युद्धानंतर ही जहाजं कुणालाच नको होती. मालवाहतुकीला लहान, कोळसा खाऊन संपवणारी, गळकी. सप्टेंबर १९२२मध्ये सरकारने त्यातली २३३ जहाजं अलेक्झांड्रियाच्या वेस्टर्न मरीन अँड सॅल्व्हेज या कंपनीला साडेसात लाख डॉलरना विकली. भागाकार करून बघा, जहाजामागे सव्वातीन हजार डॉलरसुद्धा पडत नाहीत. कंपनीने ती पोटोमॅकमध्ये व्हर्जिनियाच्या बाजूला वाइडवॉटर इथे आणून बांधली. पद्धत सोपी होती: यंत्रं काढून घ्यायची, उरलेलं जहाज जाळायचं, राखेतून लोखंड वेचायचं. तिथे आगी लागल्या, जहाजं सुटून वाहू लागली, नदीवर पोट असलेल्या मच्छीमारांनी तक्रारी केल्या. मग ताफा समोरच्या काठाला, मॅलोज बेमध्ये हलवला गेला. ७ नोव्हेंबर १९२५ला तिथे एकाच वेळी ३१ जहाजं पेटवली. त्या रात्री नदीकाठच्या घरांतून काय दिसलं असेल याची कल्पना करून बघा, आणि मग त्या चार ओळींतली "चिरनिद्रा" आठवा.

मंदी आली, भंगाराचा भाव पडला, कंपनी गेली. आणि आता माझ्या मते या जागेच्या इतिहासातला सगळ्यात माणसांचा भाग येतो, जो कुठल्याच डब्याच्या पानावर मला सापडलेला नाही. तीसच्या दशकात आसपासचे गरीब लोक स्वतः होड्या घेऊन या सांगाड्यांवर जाऊ लागले. हातोडी, पहार, करवत. खिळे, बोल्ट, पट्ट्या उपटायच्या आणि किलोवारी विकायच्या. दारूबंदीच्या काळात आडोशाला भट्ट्याही लागल्या होत्या. सरकारला जी जहाजं एका कामाला उपयोगी पडली नाहीत, त्यांनी बेकार माणसांची चूल काही वर्षं पेटती ठेवली. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा बेथलेहेम स्टीलने सरकारी पैशावर पुन्हा भंगार काढायचा प्रयत्न केला, त्यासाठी काठाला मोठा हौद खणला, आणि काम परवडेना म्हणून सोडून दिलं. तो हौद अजून आहे. कयाक त्यात सरळ जाते. मी त्यात तीनदा जाऊन आलो होतो, तो नैसर्गिक आहे अशा समजात.

आता सांगा, यात भूत कुठे आहे?

भूत म्हटलं की प्रश्न संपतात. भुताला करार नसतो, दर नसतो, सही नसते. भुताला कुणी जबाबदार नसतं. एका महाकाय सरकारी चुकीवर धुक्याची शाल टाकली की ती चूक राहत नाही, वातावरण होतं. त्यातून "युद्धात कामी आलेली जहाजं" असं म्हटलं की वर हौतात्म्याचा मुलामाही चढतो. आणि खेळणारा माणूस, म्हणजे मी, टोपी काढल्यासारखं करून अकरा मिनिटांत परत फिरतो.

माझी आजी रेवसजवळची. तिच्या लहानपणीची एक गोष्ट घरात वारंवार निघायची. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी त्यात नव्हतं, तरी आजीची आई पुढे आयुष्यभर अमावास्येला बोटीत चढली नाही. पण आजीने ती गोष्ट सांगताना एकदाही भूत काढलं नाही. ती सांगायची बोटीत किती माणसं भरली होती ते, पाऊस असूनही बोट सुटली ते, आणि कोळ्यांनी आपल्या होड्यांत कुणाकुणाला ओढून घेतलं ते. खरोखर मेलेल्या माणसांबद्दल बोलताना तिला भुतांची गरज पडली नाही. मॅलोज बेमध्ये ज्या जहाजांवर लढाईत कुणी मेलंच नाही, त्यांना मात्र भुतं चिकटवावी लागतात.

याची सगळ्यात गमतीदार बाजू म्हणजे ती गंजकी लोखंडी बोट. मॅलोज बे म्हणून जे फोटो फिरतात त्यातल्या कितीतरी फोटोंत हीच असते. पाण्याबाहेर सगळ्यात उंच तीच, तांबूस, पोकळ, संध्याकाळच्या उन्हात झकास दिसणारी. तिचं नाव अ‍ॅकोमॅक. ही १९२८ची प्रवासी बोट, पुढे फेरी झाली, साठच्या दशकात जळाली, सत्तरच्या दशकात इथे आणून सोडली. पहिल्या महायुद्धाशी तिचा काडीचा संबंध नाही. लोक तिच्यासमोर कयाक आडवी घालून फोटो काढतात आणि खाली महायुद्धाच्या ताफ्याबद्दल हळवं काहीतरी लिहितात. माझ्याही फोनमध्ये असा एक फोटो आहे. खालची ओळ मी नंतर काढून टाकली.

माझा रूममेट, मूळ नाशिकचा, याच खेळातला, माझ्यापेक्षा दुप्पट डबे सापडलेला, त्याचं म्हणणं असं: "अरे, खेळ आहे. खेळासारखा घे ना. पीएचडी करायला आलोय का आपण?" हे उत्तर वाटतं तितकं हलकं नाही. खेळात इतिहास घुसवला की खेळही जातो आणि इतिहासही, अशी उदाहरणं आपण शाळेच्या सहलींत पाहिली आहेत. पण हा डबा आपल्या सोसायटीच्या दिव्याच्या खांबाला लावलेला नाही. ज्याने तो ठेवला त्याने जागेचा इतिहास हेच आमिष म्हणून लावलं होतं. पाच गुण त्या पाण्याचे, लाइक्स त्या सांगाड्यांचे. आमिष खोटं असेल तर तक्रार करायचा हक्क खेळाडूलाच आहे, पीएचडीवाल्याला नव्हे.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, बंदच करा. अभयारण्य आहे, अवशेषांना इजा करायला कायद्याने मनाई आहे, कयाकवाल्यांना तिथे फिरकूच कशाला द्यायचं? माझ्यासारख्याने ढलपा मोडल्यावर हा मुद्दा मी कुठल्या तोंडाने खोडणार? तरी खोडतो. साठच्या दशकात हे सगळे सांगाडे उपसून टाकायची टूम निघाली होती, प्रकरण काँग्रेसच्या उपसमितीपर्यंत गेलं होतं. जागा वाचली त्यात एक कारण हे होतं की तोवर तिथे मासे आणि पक्षी नांदायला लागले होते. आणि पुढे अभयारण्य झालं ते लोकांनी तिथे जाऊन, बघून, मागणी करून. जे कुणी बघत नाही त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. गोथल्स यांनी घरटी असलेल्या झाडांची जहाजं करण्याची थट्टा केली होती. आज त्याच लाकडांवर ऑस्प्रे घरटी करतात. हे मला कयाकमधून दिसलं. काठावरून दिसलं नसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो मला पूर्ण परतवता येत नाही. तो असा की "भुतांचा ताफा" हे नाव नसतं तर तिथे कुणी आलंच नसतं. "१९१७च्या जहाजखरेदीतला गोंधळ" या नावाच्या अभयारण्याला कोण निधी देणार? शोमेट यांच्या पुस्तकाच्या नावातही घोस्ट फ्लीट आहेच. मान्य. नावाने काम केलं. पण ते दारावरच्या पाटीचं काम होतं. आत आल्यावरही पाटीच दाखवत राहायचं, हे मला मान्य नाही. डब्याचं पान म्हणजे दाराच्या आतली जागा. तिथे माणूस स्वतःहून, वल्हं मारत, ओहोटीचं गणित जमवून आलेला असतो. इतक्या कष्टाने आलेल्या माणसाला चार खोट्या ओळी देणं हा त्याचा अपमान आहे.

मग करायचं काय? सांगाड्यांवर डबे नकोत, हे पहिलं. दोरीने नाहीत, चुंबकाने नाहीत, झाडाच्या बुंध्याशी नाहीत. खेळात याला पर्याय आहे. जागेवर डबा नसतोच. तिथे जाऊन काहीतरी बघायचं आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं, अशा व्हर्च्युअल कॅश पूर्वी कुणालाही काढता यायच्या. २००५पासून नव्या घेणं बंद झालं, आता मधूनमधून निवडक खेळाडूंना तो मान मिळतो. मला मिळालेला नाही आणि माझा आकडा बघता मिळायचाही नाही. पण मल्टी-कॅश कुणालाही काढता येते: मधले टप्पे फक्त बघण्याचे, त्यांच्या उत्तरांतून शेवटच्या जागेचे आकडे बनतात, आणि डबा एकच, जमिनीवर, जागेच्या मालकाच्या परवानगीने.

तशी एक मी तयार करतोय. मधले टप्पे पाण्यावर, पण सगळे प्रश्न सांगाड्यापासून कयाकभर लांब थांबून सुटतील असे. डबा गाडीतळाच्या बाजूला. प्रश्न बनवताना कळलं की खोट्या ओळी लिहिणं किती सोपं असतं. "किती बोल्ट दिसतात" हा प्रश्न निरुपयोगी. माणूस बोल्ट मोजून जातो, आणि बोल्ट मोजण्यासाठी नेमका जवळ जातो. मग बदलले. एक प्रश्न अ‍ॅकोमॅकसमोर: हिचं शरीर कशाचं आहे, आणि मग ही त्या ताफ्यातली असू शकते का? एक त्या हौदाच्या तोंडाशी: याच्या कडा नदीने केल्यात की माणसाने, आणि तुम्हाला ते कशावरून वाटतं? एक भागाकाराचा, साडेसात लाखांचा. त्यातले दोन अंक रेखांशात बसतात. आणि पानावर चारऐवजी चाळीस ओळी, ज्यात भूत हा शब्द नाही. रूममेटने मसुदा वाचून विचारलं की एवढं कोण वाचणार. मी म्हटलं, नाही वाचलं तर डबा सापडणार नाही. यावर तो पहिल्यांदा जरा खूश झाला, कारण हा मुद्दा खेळातला होता.

गेल्या महिन्यात त्याला घेऊन चाचणीला गेलो. वाऱ्याने पाणी अंदाजापेक्षा जास्त उतरलं होतं आणि सांगाडे नेहमीपेक्षा वर आले होते, गंजके खिळे सगळीकडे, कयाक फाडतील असे. आम्ही लांबच थांबलो. तो बराच वेळ गप्प बसून रांगा मोजत होता. मग म्हणाला, "म्हणजे युद्ध संपलंय हे माहीत असूनही हे लोक ठोकत राहिले?"

मी हो म्हटलं.

"आणि पगार मिळत होता?"

मिळत होता, म्हटलं. तो हसला नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवून त्याने पाण्याची बाटली काढली आणि सोमवारच्या रिलीजबद्दल बोलायला लागला, जो पुढे ढकलला जाणार हे आमच्या टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं.

काउंटीकडे डब्याच्या परवानगीचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. दरम्यान त्या जुन्या डब्याची माझी नोंद मी खोडून टाकली. आकडा चारशे बारावरून चारशे अकरावर आला. नकाशावर पोटोमॅकच्या त्या वळणात आता काहीच उमटलेलं दिसत नाही.